पाण्यातलं घर आणि एक शिवणारी बाई

मैत्रिणींनो, आज एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक कबूल करते.

आमचं गाव तामलवाडी, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं. समुद्र कुठल्या कुठे! तरी धाकट्या लेकानं हौसेनं खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घरात आणली. शुद्ध पाण्यात मोजून समुद्री मीठ घातलं, दोन केशरी मासे आणि एक छोटीशी कोळंबी सोडली. मला ती टाकी ओकीबोकी वाटायची. एक दिवस तो कामाला गेल्यावर मी तांब्याची छोटी लोटी घासूनपुसून लख्ख केली नि वाळूत ठेवली. शेजारी रंगवलेले शंख मांडले. चार दिवसांनी पाहते तर लोटीवर हिरवट थर आणि कोळंबी आडवी पडलेली. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. मासे एकवेळ तग धरतील, पण कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना ते विषच, हे मला तेव्हा कळलं. लेक काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

त्या रुखरुखीत वाचायला घेतलं आणि मला झान विलप्रो-पॉवर भेटली.

फ्रान्समधल्या झ्युयाक या लहानशा गावात १७९४ मध्ये तिचा जन्म झाला. वडील जोडे शिवायचे. १८१२ मध्ये ही पोर पॅरिसला निघाली, तेही चारशेहून अधिक किलोमीटर पायी! तिथे कपडे शिवणाऱ्या बाईंच्या हाताखाली राहून ती शिवण-भरतकामात तरबेज झाली. १८१६ मध्ये सिसिलीची राजकन्या फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून आली, तेव्हा तिचा लग्नाचा पोशाख झाननं केला. पुढे जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी ओळख झाली आणि १८१८ मध्ये त्याच्याशी लग्न करून ती सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहायला गेली.

आता घरात सुबत्ता होती, स्वस्थ बसता आलं असतं. पण ही बाई बेटावरची झाडं, फुलपाखरं, समुद्रातले जीव न्याहाळत हिंडू लागली. कुठलं कॉलेज नाही की गुरू नाही. सगळं स्वतःच शिकली.

तिला कोडं पडलं ते आर्गोनॉटचं. हा ऑक्टोपसचा एक भाऊबंद. त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शिंपल्यात राहते. हा शिंपला ती स्वतः बनवते, की काही खेकडे दुसऱ्याचा रिकामा शंख बळकावतात तसा बळकावते, यावर विद्वानांचा वाद चालला होता. मेलेला प्राणी बाटलीत ठेवून उत्तर कसं मिळणार? म्हणून १८३२ पासून झाननं जिवंत आर्गोनॉट पाळण्यासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या. काही टाक्या घरात ठेवायच्या, तर काही पिंजऱ्यात बसवून समुद्रातच सोडायच्या. घरच्या फिश टँकची ही आजीच म्हणा ना!

मग तिनं शिंपल्याचा तुकडा मुद्दाम तोडला आणि पाहत बसली. मादीनं आपल्या दोन पसरट बाहूंनी ती जागा सांधली, अगदी आपण फाटक्या लुगड्याला ठिगळ लावावं तशी! पिल्लं वाढवून तिनं त्यांचा शिंपला तयार होतानाही पाहिला. घर उसनं नव्हतं, स्वतःचं होतं. वाद मिटला. इटलीतल्या कातानियाच्या विज्ञान अकादमीनं तिला सदस्य करून घेतलं. पुढे सिसिली सोडताना तिचा बराचसा संग्रह आणि कागदपत्रं जहाजाबरोबर बुडाली. १८७१ मध्ये आपल्या जन्मगावीच ती वारली. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आज तिचं नाव आहे.

तिचं चरित्र वाचताना मला माझी चूक नीट उमगली. तिनं टाकीकडे आतल्या जिवाचं घर म्हणून पाहिलं, मी शोकेस म्हणून पाहिलं. आता आमच्याकडे साधा नियम आहे. तांबं, पितळ, लोखंड टाकीत जायचं नाही. रंग किंवा वॉर्निश लावलेले शंख, चमकी, लाकूडही नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे चुनखडीसारखे सच्छिद्र दगड, प्रवाळाची म्हणून विकत मिळणारी पण सिरॅमिकची नक्कल, किंवा नीट भाजलेलं बिनरंगी मातीचं बोळकं चालतं. साबण न लावता धुवायचं. दगड आधी तळाच्या काचेवर घट्ट बसवायचे आणि मग वाळू पसरायची, म्हणजे मासे उकरायला लागले तरी दगड कलंडत नाहीत. लपायला कपार ठेवायची आणि पाणी खेळायला जागाही.

आणखी एक सांगते. कोकणात सहलीला गेलात तर खरं प्रवाळ विकत घेऊ नका, उचलूनही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे, काही शंखांनाही. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ते कुणाचं तरी घरच असतं ना?

आमच्या टाकीत आता नवी कोळंबी आली आहे. मातीच्या बोळक्यातून मिशा बाहेर काढून बसते. लोटी परत देव्हाऱ्यात गेली, ती तिथेच शोभते.