गेरी की जेरी?

इथे अमेरिकेत मतदारसंघांच्या नकाशांवरून चाललेला गदारोळ आपण बातम्यांमध्ये बघतोच आहोत. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता मध्येच नकाशा बदलला, रिपब्लिकनांना जास्त जागा मिळाव्यात म्हणून. मग कॅलिफोर्नियाने मतदारांचा कौल घेऊन डेमोक्रॅट्ससाठी तेच केलं. या प्रकाराला ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. त्यातले ‘जेरी’ म्हणजे एल्ब्रिज गेरी. आडनावाचा खरा उच्चार गेरीच, पण आता बहुतेक जण जेरीच म्हणतात. नावही धड उरलं नाही बिचाऱ्यांचं!

गेरी यांचा जन्म १७४४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड या बंदराच्या गावचा. वडिलांचा सुकवलेल्या कॉड माशांचा व्यापार होता. मुलगा हार्वर्डला शिकला आणि व्यापार सांभाळता सांभाळता इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत ओढला गेला. एप्रिल १७७५ मध्ये, लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली त्याच्या आदल्या रात्री, ते एका खानावळीत मुक्कामाला होते. इंग्रज सैनिक दाराशी आले तेव्हा अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांनिशी पळून ते शेतात लपले. पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली.

पण १७८७ मध्ये राज्यघटना तयार झाली तेव्हा त्यांनी सही नाकारली. शेवटपर्यंत सभेत थांबून सही न करणारे तिघेच होते, त्यातले हे एक. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नव्हती, आणि केंद्राच्या हाती फार सत्ता जाईल अशी त्यांना भीती होती. ती सनद नंतर आलीच, १७९१ मध्ये. पक्षबाजीचाही त्यांना तिटकारा होता.

मग हाच माणूस नकाशात कसा अडकला? १७९७ मध्ये अध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी फ्रान्सशी बोलणी करायला तिघांना पाठवलं. फ्रेंचांनी लाच मागितली. बाकीचे दोघे निघून आले, पण युद्ध टाळायला म्हणून गेरी मागे राहिले. परत आल्यावर फेडरलिस्ट पक्षाच्या लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवलं. मला वाटतं, ती जखम भरली नाही. नंतर ते जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षात गेले (आजचा रिपब्लिकन पक्ष तो नव्हे) आणि १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले. इंग्लंडशी पुन्हा युद्धाची चिन्हं दिसत होती आणि फेडरलिस्ट इंग्रजांना सामील आहेत असं गेरींना मनापासून वाटू लागलं होतं. समोरचा निवडून आला तर देश बुडेल, अशी खात्रीच पटली होती म्हणा ना.

फेब्रुवारी १८१२ मध्ये त्यांच्या पक्षाने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखले. काउंटीच्या सीमा मोडून विरोधकांची मतं थोड्या मतदारसंघांत कोंबली आणि आपली मतं बेताबेताने सगळीकडे पसरली. हा नकाशा गेरींनी काढलेला नव्हता आणि त्यांना तो आवडलाही नव्हता असं सांगतात, पण सही त्यांचीच. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख, नखं आणि दात काढून छापलं. आकार पालीसारख्या सॅलॅमँडरचा, म्हणून नाव पडलं ‘गेरी-मँडर’. गंमत म्हणजे त्या राक्षसाच्या अंगात मार्बलहेडही होतं.

निवडणुकीत फेडरलिस्टांना मतं जास्त पडली, तरी सिनेटच्या ४० पैकी २९ जागा गेरींच्या पक्षाला मिळाल्या. स्वतः गेरी मात्र हरले, कारण गव्हर्नरपदाची निवडणूक अख्ख्या राज्याची. तिथे नकाशा काय कामाचा? वर्षभराने फेडरलिस्टांनी तो कायदाच रद्द केला.

आपल्याकडे मतदारसंघांची आखणी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग करतो. इथे बहुतेक राज्यांत ते काम निवडून आलेले आमदारच करतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा केंद्रीय न्यायालयं करणार नाहीत. त्यानंतर टेक्सास, कॅलिफोर्निया आलंच.

गेरी १८१३ मध्ये अध्यक्ष मॅडिसन यांचे उपाध्यक्ष झाले. २३ नोव्हेंबर १८१४ रोजी त्यांनी प्राण सोडला. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांपैकी वॉशिंग्टन शहरात दफन झालेले ते एकटेच.