बर्फात चाक का फसतं? बंबार्डियर यांची गोष्ट

मुंबईकरांना ‘बंबार्डियर लोकल’ माहीत आहे. पण ज्यांच्यावरून कंपनीला हे नाव पडलं, त्या माणसाचं आयुष्य रुळांवर नाही, तर बर्फात गेलं.

जोसेफ-आर्मां बंबार्डियर यांचा जन्म १९०७ चा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावातला. पंधराव्या वर्षी त्यांनी फोर्डचं जुनं इंजिन आणि मोठा पंखा लावून बर्फावर पळणारी गाडी बनवली. उघडा फिरणारा पंखा बघून वडिलांनी ती लगेच मोडायला लावली. १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं. हॉस्पिटल सुमारे ५० किलोमीटरवर शेरब्रूकला, आणि रस्ते बर्फाने बंद. बर्फगाडीचे प्रयोग चालू होते, पण भरवशाची गाडी तयार नव्हती. मूल वाचलं नाही.

आता तांत्रिक भाग बघू. टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो, दाबलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो. म्हणून जरा जास्त अॅक्सिलरेटर दिला की चाक जागच्या जागी फिरतं. मऊ बर्फात आणखी एक अडचण: सगळं वजन त्या छोट्या जागेवर आल्यामुळे चाक रुततं. गाडीचं पोट बर्फावर टेकलं की चाकावरचा भार कमी होतो, आणि उरलीसुरली पकडही जाते.

बंबार्डियर यांनी मागे चाकांऐवजी रुंद पट्टा वापरला. त्यामुळे वजन पसरलं आणि पट्ट्यावरच्या आडव्या पट्ट्या बर्फात रुतून पकड घेऊ लागल्या. पुढे वळण्यासाठी स्की. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकावर त्यांनी रबर चढवलं. या रचनेचं पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळालं. त्यांच्या सात जणांच्या ‘बी-७’ गाडीतून डॉक्टर हिवाळ्यातही पेशंटपर्यंत पोचू लागले.

१९४८ मध्ये क्वेबेक सरकारने गावाकडचे रस्तेही बर्फमुक्त ठेवायचं ठरवलं आणि या गाड्यांचा खप घसरला. ते थांबले नाहीत. दलदलीत चालणारा ट्रॅक्टर केला, १९५९ मध्ये एक-दोन माणसांची ‘स्की-डू’ आणली. १९६४ मध्ये, ५६ व्या वर्षी ते गेले. कंपनी रेल्वेत उतरली ती त्यांच्यानंतर.