दारोदारी भागभांडवल मागणारा शेतकरी

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना कायगाव टोका येथे गोदावरीचा पूल लागतो. पलीकडे प्रवरासंगम. गोदावरीला येथे मिळणाऱ्या प्रवरेच्या काठाने वर गेले की लोणी हे गाव येते. एका कमी शिकलेल्या शेतकऱ्याने शेतकऱ्यांकडूनच पैसे गोळा करून महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना याच गावाच्या परिसरात उभा केला. त्यांचे नाव विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

विठ्ठलरावांचा जन्म नारळी पौर्णिमेचा. शिक्षण मराठी शाळेतील चार इयत्तांपुरते. मात्र शेतीचा हिशेब आणि सावकाराच्या वहीतील आकडे यांतील अंतर त्यांना लहान वयातच उमगले. भंडारदरा धरणाच्या कालव्यांमुळे प्रवराकाठी ऊस आला, पण समृद्धी मात्र आली नाही. लागवडीसाठी कर्ज काढायचे, उसाचा गूळ करायचा आणि आडत्याच्या दारात मिळेल त्या भावाने तो विकायचा, हा क्रम होता. गुळाचा भाव कोसळला की जमीन गहाण पडे. परिसरात खासगी साखर कारखाने होते, परंतु त्यांच्या नफ्यात ऊस पिकवणाऱ्याला वाटा नव्हता.

या चक्रातून सुटण्यासाठी विठ्ठलरावांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी सुरू करण्यास पुढाकार घेतला. गावातील माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि अडलेल्याला त्यातून कर्ज द्यायचे, अशी ही साधी व्यवस्था होती. पुढील पाव शतकात त्यांनी सहकाराचे काम सोडले नाही. कारखान्यासाठी हात पसरण्याची वेळ आली तेव्हा हीच पुंजी त्यांच्या कामी आली.

१९४५ च्या अखेरीस बेलापूर येथे दख्खन कालवे बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अर्थशास्त्रज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना या कल्पनेला तेथे बळ मिळाले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठलाल मेहता यांचाही तिला पाठिंबा लाभला. मात्र शासन आणि वित्तसंस्था यांच्याकडून साह्य मिळायचे तर आधी शेतकऱ्यांनी स्वतःचे भागभांडवल उभे करणे आवश्यक होते.

आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात, ते काम विठ्ठलरावांनी पायपीट करून केले. गावोगावच्या पारावर आणि देवळात बैठका झाल्या. समोर बसलेला शेतकरी कर्जात होता. त्याने कारखाना आतून पाहिलेला नव्हता आणि भाग म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. पैसे बुडाले तर जमिनीवर गदा येणार ही भीती खरी होती. यंत्रे कधी येतील, साखर कधी पडेल, हे ठामपणे सांगता येत नव्हते. अशा माणसाकडून पैसे मागणे म्हणजे त्याच्या संसाराची जोखीम आपल्या शिरावर घेणे होते.

तरीही पैसे आले. त्यामागे पतपेढीने कमावलेला विश्वास होता आणि योजनेची रचनाही होती. भाग घेणारा केवळ देणगीदार नव्हता, तो मालक होता. ऊसही त्याचाच गाळला जाणार होता आणि भाग कमी असोत वा अधिक, प्रत्येकाला मत एकच होते. विशेष म्हणजे, पैसे गोळा करणाऱ्या विठ्ठलरावांनी अध्यक्षपद स्वतःकडे घेतले नाही. ते डॉ. गाडगीळांकडे गेले आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. गावचा माणूस पैसे जमवतो आणि गावातील कोणत्याही गटाशी संबंध नसलेला विद्वान कारभारावर देखरेख करतो, या व्यवस्थेने शंकांना जागा उरली नाही.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याने पहिले गाळप केले. त्यानंतर सभासदांच्या उसाच्या बिलातून ठेवी कापून विस्तार करण्याची पद्धत महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांत रुळली. प्रवरानगर परिसरात शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालय उभे राहिले. १९६१ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले. आता त्यांचा जन्मदिवस, नारळी पौर्णिमा, राज्यात शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

विठ्ठलरावांनी पहिली पतपेढी काढली तेव्हा गोदावरीचा अलीकडचा तीर निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले आणि पुढे प्रवराकाठचा प्रयोग नदी ओलांडून मराठवाड्यातही आला. पैठण आणि गंगापूर तालुक्यांत सहकारी साखर कारखाने निघाले. राज्यातील अनेक सहकारी कारखाने नंतरच्या काळात कर्जात गेले, काही बंद पडले, काही खासगी हातांत गेले. भाग विकत घेणारा सभासद मालक आहे, हे कारभाऱ्यांनी विसरले की संस्था खचते, असे या इतिहासावरून दिसते. विठ्ठलरावांनी शेतकऱ्याकडून घेतलेला पैसा शेतकऱ्याचाच मानला आणि त्याच्या हिशेबावर दुसऱ्याची नजर ठेवू दिली. वर्गणी मागायला निघणाऱ्या प्रत्येकाने आधी शिकावी अशी हीच गोष्ट आहे.