संघात जागा, पॅव्हेलियनमध्ये नाही

चहापानाची वेळ झाली की पुण्याच्या हिंदू संघाचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये जात. संघाचा सर्वांत भेदक गोलंदाज मात्र बाहेर उभा राही. त्याला चहा मिळे तो मातीच्या, नंतर फेकून देता येईल अशा भांड्यात. हा गोलंदाज म्हणजे बाळू पालवणकर.

कोकणातील पालवण हे मूळ गाव असलेल्या चर्मकार कुटुंबात, १८७६ मध्ये धारवाड येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या लष्करातील नोकरीमुळे बालपण पुण्यात गेले. पारशांच्या क्लबवर खेळपट्टीची देखभाल करण्याचे काम त्यांनी महिना तीन रुपयांवर धरले. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर रुजू झाले. तेथील नामांकित फलंदाज ग्रेग आपल्याला बाद केल्याबद्दल त्यांना दर वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. गोऱ्या साहेबांनी त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेतली. फलंदाजीची संधी मात्र दिली नाही.

या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची कीर्ती पसरली तेव्हा हिंदू क्लबात वाद पेटला. तेलुगू सभासद अनुकूल होते, काही मराठी ब्राह्मण खेळाडू विरोधात. अखेर गोऱ्यांना हरवण्याच्या ईर्ष्येने त्यांना संघात घेतले गेले. चेंडूचा विटाळ होत नव्हता, पेल्याचा होत होता! जे सोबत खेळतात त्यांनी सोबत खाण्यापिण्यास हरकत का घ्यावी, असा प्रश्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे उपस्थित केल्यावर हे बंधन सैल होऊ लागले.

पुढे बाळू मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला, तरी बाळूंनी शंभराहून अधिक बळी टिपले. नागपूर-सावनेर परिसराला ज्यांचा अभिमान वाटतो ते सी. के. नायुडू १९१६ मध्ये याच हिंदू संघातून पुढे आले. मात्र बाळूंना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. अडसर कामगिरीचा नव्हता, जातीचा होता.

१९२० मध्ये चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार पै आजारी पडल्यावर बाळूंचे बंधू विठ्ठल यांना डावलून देवधरांकडे नेतृत्व गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध नोंदवून संघातून अंग काढून घेतले. खेळाडूंनी असे जाहीरपणे उभे राहणे त्या काळात सोपे नव्हते. निवड समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्याने संघाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. तीन वर्षांनी विठ्ठल रीतसर कर्णधार झाले व हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. कधीकाळी ज्याच्या भावाला पेला वेगळा होता, त्याला आता सवर्ण चाहत्यांनी खांद्यावर घेतले.

नंतर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ते सुमारे दोन हजार मतांनी हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.