गोलरक्षक पीटर थंगराज

फुटबॉलच्या मैदानावर दहा गडी धावत असतात आणि अकरावा उभा असतो. 24 फूट रुंद आणि 8 फूट उंच अशा एका चौकटीचे रक्षण एवढेच त्याचे काम. आघाडीच्या खेळाडूने पाच संधी दवडून सहावी साधली, तर प्रेक्षक त्यास डोक्यावर घेतात. गोलरक्षकाने पाच चेंडू अडवून सहावा सोडला, तर घरी परतताना चर्चा होते ती त्या सहाव्याची. झालेले गोल फलकावर चढतात. न झालेल्या गोलांची नोंद ठेवण्याची पद्धत कोठेच नाही. अशा या उपेक्षेच्या जागेवर उभे राहून ज्याने आशिया खंडात नाव मिळविले, त्या पीटर थंगराज यांचा जीवनपट सुवर्णमहोत्सवी अंकाच्या निमित्ताने वाचकांसमोर ठेवीत आहे.

आपण मराठी माणसे क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती यांत रमणारी. फुटबॉलचे वेड म्हणावे तर ते कोल्हापुरास. तेथील पेठापेठांतील तालमींचे संघ ईर्ष्येने मैदानात उतरतात आणि सारे शहर लोटते. मुंबईकरांना कूपरेज मैदान आणि तेथे होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा ठाऊक असे. या पलीकडे आपला या खेळाशी परिचय बेताचाच. परंतु नोकरीच्या निमित्ताने घरापासून दूर आलेल्या आपल्यासारख्यांना थंगराज यांचे आयुष्य परके वाटण्याचे कारण नाही. ज्या गावी नेमणूक झाली ते गाव आपले मानावे आणि पदरी आलेली जागा नेकीने सांभाळावी, हेच त्यांच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र होते.

थंगराज यांचा जन्म 24 डिसेंबर 1935 रोजी तत्कालीन हैदराबाद संस्थानात झाला. नाव तमिळ वळणाचे. ‘तंगम’ म्हणजे सोने, हे मद्रासेत चार वर्षे काढलेल्या कोणाही मराठी गृहिणीस सांगावयास नको. हैदराबाद आणि सिकंदराबाद ही जुळी शहरे त्या काळी फुटबॉलची पंढरीच होती. सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकी पेशातील प्रशिक्षकाने घडविलेल्या हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईस येऊन रोव्हर्स चषक जिंकून नेला. अशा वातावरणात सिकंदराबादच्या मॉर्निंग स्टार आणि फ्रेंड्स युनियन या स्थानिक संघांतून थंगराज यांनी खेळास आरंभ केला.

पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि निलगिरी पर्वतातील वेलिंग्टन येथील मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघात आले. मौजेची गोष्ट अशी की तेथे ते खेळत ते सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे गोल करणाऱ्याच्या जागेवर. गोलरक्षणाचे काम त्यांच्याकडे नंतर आले. आघाडी सोडून पिछाडीस जाणे कोणा तरुणास सहज मानवत नाही. परंतु सहा फुटांहून अधिक उंची, लांब हात आणि सैनिकी शिस्तीत कसलेले शरीर यांना योग्य स्थान तेथेच होते. शिवाय गोल करणारा कसा विचार करतो, कोणत्या कोनातून आणि कोणत्या क्षणी पाय उचलतो, याचे ज्ञान त्यांस स्वतःच्या अनुभवातून झालेले होते. चोर पकडण्यास चोराची वाट ठाऊक असावी लागते, तसाच हा प्रकार.

या सैनिकी संघाने 1955 साली अंतिम सामन्यात भारतीय हवाई दलाचा पराभव करून ड्युरँड चषक जिंकला आणि 1958 साली गुरखा ब्रिगेडला हरवून तो पुन्हा मिळविला. 1888 साली सिमल्यास सुरू झालेली ही देशातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. तीत दक्षिणेकडील एका पलटणीच्या केंद्राने तीन वर्षांच्या अंतराने दोनदा अजिंक्यपद मिळवावे, ही साधी गोष्ट नव्हती. 1960 साली कोळिकोड येथे संतोष चषकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाच्या संघाचे नेतृत्व थंगराज यांच्याकडे होते. अंतिम सामन्यात बलाढ्य बंगालला नमवून सेनादलाने तो चषक पहिल्यांदाच जिंकला.

भारतीय फुटबॉलचा तो भरभराटीचा काळ होता. 1952 सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून 10 विरुद्ध 1 असा दारुण पराभव पत्करून परतले. त्यानंतर बूट घालणे सक्तीचे झाले आणि रहीम यांच्या हाताखाली संघाची नवी बांधणी सुरू झाली. चार वर्षांनी मेलबोर्नला भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. त्या संघात थंगराज होते. गोलरक्षणातील त्यांचे सहकारी होते एस. एस. नारायण. हे नारायण जन्माने केरळीय, परंतु वाढले आणि खेळले मुंबईच्या माटुंग्यात. महाराष्ट्राच्या संघाने पुढे 1963-64 च्या हंगामात संतोष चषक जिंकला, तोही याच मद्रास शहरात, आणि त्या विजयात नारायण यांचा वाटा होता. केरळचा मनुष्य मद्रासेत महाराष्ट्रासाठी खेळतो, आणि हैदराबादचा थंगराज मद्रासच्या पलटणीतून पुढे येतो. खेळाच्या मैदानावर प्रांतांच्या सीमा कशा पुसल्या जात, याचे हे बोलके उदाहरण होय.

1958 साली आशियातील सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून थंगराज यांचा गौरव झाला. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते पुन्हा भारताच्या गोलमध्ये उभे होते. हंगेरीविरुद्ध भारत अवघ्या एका गोलाच्या फरकाने हरला. फ्रान्सविरुद्ध प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या गोलने आघाडी मिळाली होती, परंतु अखेरच्या दहा मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली. पेरूकडूनही हार झाली आणि आव्हान संपले. मात्र युरोपातील नामांकित संघांशी आपण बरोबरीने झुंजू शकतो, हे त्या सामन्यांनी दाखवून दिले. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामगिरीचे मोल कळते.

थंगराज यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे 1962 सालची जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धा. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. क्रीडासंघटक गुरुदत्त सोंधी या भारतीय गृहस्थांनी त्यास आक्षेप घेतला. त्यामुळे शहरात भारताविरुद्ध प्रक्षोभ उसळला आणि भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडूंचा या वादाशी काहीही संबंध नव्हता, परंतु रोष त्यांच्याही वाट्यास आला.

संघाची अवस्थाही बिकट होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरविले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्यास मोठी जखम होऊन टाके पडले. थंगराज यांस तापाने गाठले होते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांच्या जागी प्रद्योत बर्मन हे तरुण गोलरक्षक खेळले आणि भारताने 3-2 असा विजय मिळविला.

अंतिम सामना 4 सप्टेंबर रोजी होता आणि समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. प्रशिक्षक रहीम यांनी दोन धाडसी निर्णय घेतले. टाके घातलेल्या जर्नेल सिंगांना बचावाऐवजी आघाडीस खेळविले, आणि नुकतेच आजारातून उठलेल्या थंगराजांना गोलमध्ये उभे केले. उपांत्य सामना जिंकून देणाऱ्या गोलरक्षकास बाजूस ठेवून अशक्त झालेल्या माणसावर भिस्त ठेवणे, हा निर्णय चुकता तर टीकेचे मोहोळ उठले असते.

स्टेडियममध्ये जवळपास एक लाख प्रेक्षक होते आणि जवळजवळ सारेच विरोधात. भारतीय राष्ट्रगीताच्या वेळीही गोंगाट थांबला नाही. पहिल्या वीस मिनिटांतच प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी एकेक गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. उरला तो सत्तर मिनिटांचा बचाव. वाचकांनी त्या सत्तर मिनिटांची कल्पना करून पाहावी. चेंडू पलीकडे असताना दहा गड्यांना धावण्यात भय विसरता येते, परंतु गोलरक्षकाच्या पाठीशी केवळ जाळी आणि आरडाओरडा करणारा जमाव असतो. कोरियास एक गोल मिळाला, तोही अगदी अखेरीस. दुसरा मिळाला नाही. 2-1 असा सामना जिंकून चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील संघाने सुवर्णपदक पटकाविले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण भारताने त्यानंतर आजवर मिळविलेले नाही. कर्करोगाने ग्रासलेले रहीम पुढल्याच वर्षी, 1963 च्या जूनमध्ये, निवर्तले.

सैन्यातून थंगराज कलकत्त्यास आले आणि मोहमेडन स्पोर्टिंग, मोहन बागान व ईस्ट बंगाल या तिन्ही मातब्बर क्लबांकडून खेळले. या क्लबांच्या पाठीराख्यांतील वैर इतके कडवे, की एकाच घरातील भावाभावांत सामन्याच्या दिवशी अबोला होई. पावसाळ्यात तेथील मैदाने चिखलाने भरत, चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई आणि असा निसटता चेंडू छातीशी घट्ट धरणे हेच गोलरक्षकाच्या हातांचे खरे कसब ठरे. त्या शहरात तिन्ही पक्षांच्या गोलचे रक्षण करून तिघांचाही आदर मिळविणे, हे केवळ कसबाने साधत नाही; त्यास स्वभावही लागतो. 1966 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेतही ते भारतीय संघात होते. आशियाई निवड संघातही त्यांची निवड झाली आणि 1967 साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला.

आजच्या पिढीस एक गोष्ट समजावून सांगणे अवश्य आहे. त्या काळी आपल्याकडे फुटबॉल हा नावाने हौशी खेळ होता. खेळाडूचा संसार चाले तो सैन्य, रेल्वे, पोलीस, कस्टम किंवा एखादा कारखाना यांतील नोकरीवर. राष्ट्रीय पातळीवरील लीग 1996 साली सुरू झाली, तोवर थंगराज यांना मैदान सोडून पाव शतक लोटले होते. त्यांच्या खेळातील सराव आणि एकाग्रता पूर्णतः व्यावसायिक होती, प्राप्ती मात्र व्यावसायिकाची नव्हती. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास याचे नवल वाटत नाही. महिन्याच्या वेतनावर आयुष्यभर चोख काम करणारी माणसे या देशात पुष्कळ आहेत. त्यांच्या कामाचा बोभाटा होत नाही, इतकेच.

निवृत्तीनंतर थंगराज प्रशिक्षणाकडे वळले आणि अखेरीस बोकारोच्या पोलादनगरीत स्थिरावले. देशाच्या चारी दिशांकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांचे ते गाव. तेथील कारखान्याच्या क्रीडाविभागात राहून त्यांनी मुलांना फुटबॉलचे धडे दिले. 24 नोव्हेंबर 2008 रोजी बोकारो येथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांस त्र्याहत्तरावे वर्ष पुरे होण्यास अवघा एक महिना उरला होता.

पेरुंगुडीचा परिसर आता संगणक कंपन्यांच्या इमारतींनी गजबजला आहे. त्या इमारतींच्या आडोशास उरलेल्या मोकळ्या जागांत आपल्या मंडळातील मुले सायंकाळी फुटबॉल खेळतात. अंगात परदेशी क्लबांचे सदरे असतात आणि स्पेन-जर्मनीच्या गोलरक्षकांची नावे तोंडपाठ असतात. त्यात वावगे काही नाही. परंतु निलगिरीच्या पायथ्यापासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर राहणाऱ्या या मुलांना, त्याच डोंगरावरील छावणीतून निघून आशियात अग्रस्थानी पोहोचलेल्या माणसाचे नावही ठाऊक नसावे, ही खंत वाटते. ते सांगणे आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे. आणि खेळताना गोलमध्ये उभे राहण्यास कोणी तयार नसते, तेव्हा जो मुलगा मुकाट्याने त्या दोन दगडांच्या मध्ये जाऊन उभा राहतो, त्यास तर ही हकीकत आवर्जून सांगावी.