सर जॉर्ज स्टोक्स

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस स्टोक्स हें नांव पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत भेटतें. त्या नांवामागील मनुष्य मात्र क्वचितच भेटतो. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजीं आयर्लंडांतील स्क्रीन गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. १८४१ सालीं ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिले आले.

पाणी, तेल किंवा मध वाहूं लागले कीं त्यांचे थर एकमेकांवर घासतात. हें घर्षण जमेस धरून प्रवाहाची गति गणितानें कशी सांगावी, हा प्रश्न स्टोक्स यांनीं हातीं घेतला. उत्तर मिळालें, पण तींच समीकरणें फ्रान्समध्यें नाविए व प्वासाँ यांनीं आधींच मांडलेलीं निघालीं. पंचविशींतील तरुणास याहून मोठा हिरमोड कोणता? त्यांनीं कागद फाडले नाहींत, कीं पूर्वीच्यांचीं नांवें झांकलीं नाहींत. त्या विद्वानांचा स्पष्ट उल्लेख करून, आपली रीत वेगळी आहे एवढ्याच आधारावर त्यांनीं १८४५ सालीं निबंध सादर केला. आज तीं समीकरणें नाविए-स्टोक्स या जोडनांवानें ओळखलीं जातात. प्वासाँ यांचें नांव मात्र गळालें, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

१८४९ पासून १९०३ मधील मृत्यूपर्यंत ते न्यूटन यांच्याच अध्यापकपदावर होते. रॉयल सोसायटीचे चिटणीस म्हणून एकतीस वर्षें ते इतरांचे निबंध तपाशीत राहिले. स्वतःचें कितीतरी संशोधन त्यापायीं मागें पडलें.

त्यांच्या समीकरणांचा एक उपयोग पोलादाच्या कारखान्यांत होतो. शुद्धीकरणासाठीं वितळलेलें पोलाद भल्या मोठ्या पात्रांत घेऊन तळाच्या सच्छिद्र विटेंतून आर्गॉन वायु सोडतात. बुडबुडे चढतांना भोंवतालचें पोलाद वर ओढतात. तें पृष्ठभागावर पसरून कडेनें खालीं उतरतें, आणि सर्व रस घुसळला जाऊन त्याचें उष्णतामान व घटक सर्वत्र सारखे होतात. वायु कमी पडला तर घुसळण अपुरी. अधिक झाला तर वर तरंगणारी धातुमळी बाजूस सरून पोलादास हवा लागते. पण सोळाशें अंशांच्या अपारदर्शक रसांत डोकावणार कोण? म्हणून संशोधक पारदर्शक पात्रांत पाणी घेऊन त्यांत बुडबुडे सोडून पाहतात, कारण घनतेच्या मानानें पाहिल्यास पाण्याचा व पोलादाच्या रसाचा चिकटपणा जवळजवळ सारखा आहे. शिवाय ते संगणकावर स्टोक्स यांचीं समीकरणें सोडवितात. प्रवाह फार खळबळाटाचा असल्यामुळें तेथेंही कांहीं गोष्टी गृहीत धराव्याच लागतात.

द्रवांत बारीक गोल कण किती वेगानें चढेल वा पडेल, याचा नियमही स्टोक्स यांनींच १८५१ सालीं दिला. व्यास निम्मा झाला कीं वेग चौथाईवर येतो. त्यामुळें पोलादांतील मळाचे अतिसूक्ष्म कण आपण होऊन वर येण्यास फार वेळ लावतात. बुडबुड्यांस चिकटले तर मात्र ते धातुमळीपर्यंत लवकर पोंचतात.