ताराबाई मोडक : परिसरालाच शाळा मानणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ

बालवाडीतील मुलांना निसर्गाचे जतन कसे शिकवावे, हा प्रश्न आज बालशाळा चालविणाऱ्यांपुढे उभा आहे. पद्मभूषण ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्यात त्याचे उत्तर सापडते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. पदवी संपादन केल्यानंतर त्यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या समवेत बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती आणि बालशाळांचा लाभ बहुतांशी शहरातील सुखवस्तू कुटुंबांनाच मिळत होता. ही खंत मनी बाळगून ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत विस्तारले.

ताराबाईंनी विकतच्या साधनांचा आग्रह सोडला. शिंपले, खडे, बिया, पाने, माती हेच शैक्षणिक साहित्य झाले. बियांवरून मोजणी आणि पानांवरून आकारांची ओळख होऊ लागली. गरिबीवर शोधलेला हा उपाय पर्यावरणालाही पूरक ठरला. आपल्या रानातील वस्तूंना शाळेत मान आहे, हे बालकांना उपदेशाविना उमगले.

मुले शाळेत येत नाहीत, म्हणून ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यातील अंगणात गेली आणि अंगणवाडी आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण किताब लाभला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ साली, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

आज अनेक बालशाळांत प्लास्टिकच्या रंगीत खेळण्यांचे ढीग असतात आणि पर्यावरण दिनापुरते एखादे रोप लावले जाते. वर्गात कोणत्या वस्तू आणाव्यात, मुलांना अंगणात केव्हा न्यावे, हे मुख्याध्यापिकाच ठरवीत असतात. शाश्वत जीवनाचा पहिला धडा त्यांच्या अशा छोट्या निर्णयांतूनच मिळतो. पालकांनीही शाळेची निवड करताना भिंतीवरील चित्रांबरोबरच अंगणातील माती पाहावी. ताराबाईंच्या कार्याचे ते खरे स्मरण ठरेल.